विजय मुहूर्तावर कसलेले बोल्ट

मधुकररावांची गाडी डुलते, हे त्यांच्या बायकोनं एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायच्या ऐवजी ती गाडीत बसायचीच थांबली.

झालं होतं एवढंच. श्रावणातल्या एका रविवारी दोघं देवासहून, लेकीकडून, उज्जैनला परत येत होते. वाटेत एक लांबट वळण लागतं. एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला सोयाबीनची शेतं. त्या बाभळींतून एक वासरू शेपटी उंचावून थेट रस्त्यात आलं. मधुकररावांनी ब्रेक मारला, स्टेअरिंग फिरवलं. गाडी आधी इकडे कलली, मग तिकडे, मग पुन्हा इकडे, पाण्यात सोडलेल्या परातीसारखी. शेवटी कडेच्या मुरमात जाऊन उभी राहिली. वासराला धक्का नाही, गाडीला ओरखडा नाही. वासरू तर तिथंच उभं राहून त्यांच्याकडे बघत होतं.

शोभाताई म्हणाल्या, "गाडी डुलते तुमची."

मग उज्जैनच्या वेशीवरचं नानाखेडं येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

त्यानंतर सुरू झाल्या सबबी. आज गुडघा दुखतोय. आज गाडीत कसला तरी वास येतोय. आज मला चालायचंच आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. सबबी संपल्या तेव्हा त्या शेजारच्या सुलभावहिनींच्या स्कूटीवर बसून जाऊ लागल्या. सुलभावहिनींचं वय त्रेसष्ट. स्कूटी चालवताना त्या दोन्ही पाय दोन्ही बाजूंना खाली सोडून ठेवत, नाव वल्हवल्यासारखे. मधुकरराव गॅलरीतून बघायचे. जिला आपल्या चार चाकांचा भरवसा नाही, ती बाई त्या दोन चाकांवर पदर खोचून अशी बसायची, जशी हत्तीवर अंबारीत बसलीय.

खरी पंचाईत रविवारची झाली. लेक मृणाल देवासला. एका रविवाराआड तिच्याकडे जायचं हा वर्षानुवर्षांचा नेम. पहिल्या रविवारी शोभाताई म्हणाल्या, "मी बसनं जाते."

"मग मीही बसनं येतो."

"तुम्ही कशाला? तुम्हाला बसमध्ये उभं राहावं लागेल. तुम्ही या की गाडीनं. तिथं भेटू."

आणि खरोखर तसंच झालं. एकाच घरातून, एकाच वेळी, एकाच कुलपाला हात लावून निघालेली दोन माणसं, एक बसनं आणि एक गाडीनं, एकाच लेकीच्या दारात पोचली. मृणाल पहिल्यांदा पोट धरून हसली. दुसऱ्या रविवारी कमी हसली. तिसऱ्या रविवारी तिनं वडिलांना स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "बाबा, तुम्हा दोघांचं काही बिनसलंय का?"

"बिनसायला आम्ही एका गाडीत बसायला तर हवं," मधुकरराव म्हणाले.

मधुकरराव सदुसष्ट वर्षांचे. सारी नोकरी सिंचाई विभागात गेली. धरणांच्या कच्च्या रस्त्यांवर सरकारी जीप चालवली, चिखलातून, नाल्यांतून, जिथं बैलगाडीवाला उतरून विचार करील तिथून. आता रात्रंदिवस एकच प्रश्न त्यांना पोखरत होता. डुलते ती गाडी, की आपला हात? हात असेल, तर किल्ली खुंटीला टांगायची आणि शोभा शेजारच्या सीटवर पुन्हा बसायची नाही ती नाहीच. म्हणून आपल्या गाडीत मोठा दोष निघू दे, असं साकडं घालणारे सगळ्या उज्जैनमध्ये ते एकटेच असतील.

पहिला उपाय भय्यासाहेबांनी सांगितला. भय्यासाहेब म्हणजे सुलभावहिनींचे यजमान. त्यांच्या खापरपणजोबांकडे शिंदे सरकारच्या पागेचा कारभार होता, आणि तेव्हापासून चाक, खूर, लगाम असल्या प्रत्येक विषयावरचा शेवटचा शब्द आपल्या घराण्याकडे आहे अशी त्यांची समजूत.

"मधुकरराव, गाडी हलकी झालीय. बैठक नाही राहिली. डिकीत पन्नास किलोची गव्हाची गोणी टाका. एकदम पक्की होते की नाही बघा."

दोघा म्हाताऱ्यांनी मिळून वर्षाच्या शरबती गव्हाची एक गोणी कोठीतून ओढत आणली आणि कण्हत डिकीत टाकली. गाडी मागून बसली आणि पुढून नाक वर करून उभी राहिली. दिवे लावले तर उजेड निंबाच्या शेंड्यावर. शोभाताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या.

"काय हो, गहू फिरायला चाललाय का?"

"भार टाकून बघतोय!" मधुकरराव ओरडले.

"गव्हाचं नशीब बघा! मला कधी डिकीत झोपायला नाही मिळालं!"

गोणी त्याच संध्याकाळी परत कोठीत गेली. भय्यासाहेबांची कंबर मात्र आठवडाभर धरलेली राहिली.

दुसरा उपाय जावयानं, रुचिरनं, सुचवला. तो फोनवर म्हणाला, "बाबा, तुमची गाडी मुळात उंच आणि शॉकअप दहा वर्षांचे. ते आता नुसते नावाला आहेत. कंपनीचेच परत टाकू नका. बाजारात जरा घट्ट शॉकअप मिळतात, थोड्या बुटक्या स्प्रिंगा मिळतात. शिवाय पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक जाड बार येतो. वळणावर गाडीची एक बाजू उठू लागली की तो तिला खाली धरतो. मी मागवून देतो सगळं."

खोकी आली. मधुकररावांनी ती पलंगाखाली सरकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी शोभाताईंचा केरसुणीचा हात मध्येच थांबला.

"हे लोखंड कुणाचं?"

"गाडीचं."

"कशासाठी?"

"डुलू नये म्हणून."

"आणि बसणार कोण त्या न डुलणाऱ्या गाडीत?"

"तू."

 शोभाताईंनी खोकी बाहेर काढली नाहीत. त्यांच्या भोवतीभोवती नीट केर काढला आणि पुढे गेल्या. मधुकररावांना तेवढं पुरलं.

फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत शैलेंद्रचं गॅरेज. शैलेंद्र चाळिशीचा, अंगानं भरलेला, आवाजानं मऊ. गाडीशी बोलताना तर आणखी मऊ. त्यानं गाडी लिफ्टवर चढवली, चाकं हातानं हलवून बघितली, बॅटरी लावून आत डोकावला आणि हसायलाच लागला. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराची जाड कडी अडकवलेली होती.

"काकाजी, ये किसने डाले?"

"मैंने ही डलवाए थे," मधुकरराव जरा अभिमानानं म्हणाले.

त्याचाही इतिहास होता. कॉलनीत पोरं मोटरसायकली भरधाव नेतात म्हणून मधुकररावांनीच सह्या गोळा करून नगर निगमला अर्ज दिला होता. त्या अर्जावर जे गतिरोधक झाले ते असे झाले की पहिल्याच दिवशी मधुकररावांच्याच गाडीचं पोट त्यांवर घासलं. मग गाडी उंच करायला त्यांनी ही रबरी कडी टाकून घेतली. त्याला आठ वर्षं झाली. गतिरोधक तेव्हापासून निम्मे झिजले, कडी तशीच राहिली.

"आठ साल से गाड़ी पंजों पे खड़ी है, काकाजी," शैलेंद्र म्हणाला. "ऐसे तो आदमी भी झूलेगा."

त्यानं कडी उपसून काढली आणि जुना शॉकअप सोडवून मधुकररावांच्या हातात दिला. मधुकररावांनी तो दाबला. दाबला तो दाबलेलाच राहिला. मग नवा दाबून बघितला. त्याला सगळा भार द्यावा लागला, आणि हात काढल्यावर तो सावकाश, आपल्या मर्जीनं वर आला. मधुकररावांच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. म्हणजे दोष गाडीतच होता! हात ठीक आहे आपला.

इथवर सगळं चांगलं चाललं होतं. घोळ केला तो मुहूर्तानं.

शैलेंद्र म्हणत होता की उद्या दसरा, अर्धा दिवस दुकान, बाकीचं परवा आरामात करू. पण मधुकररावांच्या घरी वाहनाचं काही नवं काम दसऱ्यालाच व्हायचं. वडिलांची सायकलसुद्धा दसऱ्यालाच घरात आली होती. त्यांनी पंचांग काढलं, बोट ठेवलं. विजय मुहूर्त, दुपारी दोन वाजून पाच मिनिटांपासून दोन एक्कावन्नपर्यंत. त्या वेळात गाडी गॅरेजच्या बाहेर यायला हवी.

दोनला गाडी लिफ्टवरच होती. जाड बाराची एक पट्टी बसत नव्हती. सव्वादोनला ती बसली. अडीचला चाकं अजून हवेत. मधुकरराव एका हातात झेंडूची माळ, दुसऱ्या हातात नारळ घेऊन उभे, आणि घड्याळ बघायचं तर दर वेळी नारळासकट मनगट वर करावं लागत होतं.

"शैलेंद्र, इक्कीस मिनट!"

"काकाजी, सब लग गया. लेकिन नीचे के बोल्ट ऐसे नहीं कसते. गाड़ी जमीन पे उतारनी पड़ती है, वजन पे कसते हैं. एक घंटा और दे दो."

"मुहूर्त रुकेगा क्या?"

"बोल्ट तो रुक जाएँगे. मुहूर्त को बोलो."

"अरे भाई, दशहरे के दिन उलटा मत बोल. कस दे. कसना तो कसना है, ऊपर क्या और नीचे क्या."

शैलेंद्रनं एकदा लिफ्टकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा नारळाकडे. सणासुदीला कुणाशी वाद घालायचा? चाकं हवेत लोंबत असतानाच त्यानं बोल्ट कसले. दोन एकोणपन्नासला गाडी बाहेर आली. चाकाखाली लिंबू फुटलं, नारळ फुटला, माळ चढली.

घरी जायच्या आधी मधुकररावांनी नानाखेड्याच्या चौकात तीन फेऱ्या मारल्या. काय ती वळली! कलणं नाही, डुलणं नाही. हात फिरवावा आणि गाडीनं हातासारखं फिरावं. चौकातला पोलीस तिसऱ्या फेरीला संशयानं बघू लागला तेव्हा ते थांबले. त्या आनंदात घरापर्यंतचे गतिरोधक त्यांच्या लक्षातही आले नाहीत.

शोभाताईंनी गाडीला ओवाळलं, कुंकू लावलं. सणाचा दिवस, नव्या कामाचा मान. मधुकररावांनी संधी साधली. "ऋषिनगरला तुझ्या मावसबहिणीकडे सोनं द्यायला जाऊ या ना. जाऊन येऊ पटकन."

शोभाताईंनी गाडीकडे बघितलं, यजमानांकडे बघितलं, आणि दार उघडून बसल्या. अडीच महिन्यांनी बसल्या! मधुकररावांनी देवाला हात जोडायचेच बाकी ठेवले.

पन्नास पावलांवर पहिला गतिरोधक आला. गाडीनं त्यावर असा दणका दिला की शोभाताईंच्या मांडीवरची आपट्याची पानं उडून काचेपाशी गेली. त्या "अगं आई" म्हणाल्या आणि पानं गोळा करू लागल्या. दुसऱ्या गतिरोधकावर पानं जागेवर राहिली, पण पाठीचा मणका न् मणका वेगळा मोजता आला. बाकीचा रस्ता सपाट, तरी गाडी लहानसहान खड्डाही लपवून ठेवत नव्हती, एकेक चुगली कमरेला सांगत होती. कॉलनीच्या फाटकाशी शोभाताई म्हणाल्या, "थांबवा."

त्या उतरल्या. कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"आता वळणावर डुलत नाही, कबूल. पण आता सरळ रस्त्यावर मारते."

आणि पानं हातात घेऊन त्या सुलभावहिनींना हाक मारायला मागे चालत गेल्या. थोड्या वेळानं स्कूटी मधुकररावांच्या शेजारून गेली. सुलभावहिनींनी पायानंच नमस्कार केल्यासारखं केलं. मधुकरराव माळ घातलेल्या गाडीत फाटकाशी तसेच बसून राहिले. येणारा जाणारा त्यांना सोनं देत होता आणि ते खिडकीतून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजात गेले. मी सांगितलं होतं, असं शैलेंद्र म्हणाला नाही, म्हणून मधुकररावांना जास्तच लाज वाटली. त्यानं हात पुसायचा फडका घेतला, दोन्ही टोकं धरून पिळला.

"ये देखो, काकाजी. हर बोल्ट के पास रबर का बुश है. गाड़ी लटकी थी, तब कसा, तो रबर वहीं पकड़ा गया. अब गाड़ी जमीन पे खड़ी है, पर रबर को लगता है अभी लटकी हुई है. वो दिन भर ऐसा ऐंठा रहता है. ऐंठा हुआ आदमी झटका सहता है क्या? आगे ढकेल देता है." त्यानं फडका सोडला. "सब ढीला करूँगा. जमीन पे खड़ी करके, सवारी के वजन पे, फिर से कसूँगा. आपके साथ कौन बैठता है?"

"बायको." मधुकरराव थांबले. "बैठती थी."

"काकी का वजन कितना होगा? उतनी बोरी रख देंगे सीट पे."

 शोभाताईंच्या चष्म्याचा नंबर त्यांना पाठ होता. थायरॉइडची गोळी किती वाजता, बांगडीचं माप काय, कुठल्या दाढेत चांदी भरलीय, सगळं माहीत. वजन माहीत नव्हतं.

"पूछ के आता हूँ," ते म्हणाले.

शोभाताई मेथी निवडत बसल्या होत्या.

"शोभा, तुझं वजन किती गं?"

"का? विकायला काढलंय मला?"

मधुकररावांनी सगळं सांगितलं. लोंबता बोल्ट, पिळलेला फडका, पीळ बसलेलं रबर. मुहूर्तासाठी आपणच घाई केली हेही सांगितलं, जरा भराभर. शोभाताई मेथीची काडी हातात धरून ऐकत होत्या.

"म्हणजे तुम्ही माझ्या सीटवर गोणी बसवणार?"

"तुझ्या वजनाची."

"आणि त्या शैलेंद्रला सांगणार, ही घे शोभाताई, इतके इतके किलो."

"तसं नाही गं…"

"तसंच. उद्या भय्यासाहेबांना कळेल, परवा सगळ्या फ्रीगंजला. शोभाताई बरोबर एक गोणी आणि वर दोन पायली." त्यांनी काडी टोपलीत टाकली. "गोणीला विचारलंत, बसशील का म्हणून. मला विचारलंत?"

"तू बसत नाहीस म्हणून तर गोणी."

शोभाताईंनी मेथीची आणखी एक जुडी सोडली. चार काड्या निवडल्या.

"गाडी उभी असणार ना? चालणार नाही?"

"तसूभर नाही."

"मग मीच येते."

त्या आल्या, पण स्कूटीवरूनच. भैरवगढची छापील साडी नेसून, लग्नाला आल्यासारख्या. सुलभावहिनी त्यांना सोडून भाजी घ्यायला गेल्या. गाडी आता लिफ्टवर नव्हती. गॅरेजच्या मागच्या अंगाला जमिनीत खड्डा होता, त्यावर आपल्या चार चाकांवर उभी होती. शैलेंद्र पाना घेऊन खड्ड्यात उतरला.

"बैठो, काकी. रोज जैसे बैठते हो वैसे. टेका लगा के."

रोज, हा शब्द मधुकररावांना टोचला. दोघं बसले. मधुकरराव स्टेअरिंगमागे, शोभाताई शेजारी. सवयीनं दोघांनीही बेल्ट लावले. समोर भिंत होती आणि भिंतीवर टायरांचं जुनं कॅलेंडर. खालून लोखंडाचा खटखट आवाज येत होता.

"हिलना मत!" खालून हाक आली.

दोघं भिंतीकडे बघू लागले. मग शोभाताई म्हणाल्या, "मला गाडीची भीती नाही वाटत."

"मग माझी?"

"ते वासरू आलं तेव्हा तुम्ही काय केलंत, आठवतंय?"

"ब्रेक मारला. स्टेअरिंग फिरवलं."

"एका हातानं."

"एका कसं? दोन्ही…"

"डावा हात इथं होता." शोभाताईंनी आपल्या छातीसमोर हात आडवा धरून दाखवला. "असा. मी बेल्ट लावलेला होता, तरी. मला धरायला तुम्ही गाडी सोडलीत."

मधुकररावांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर निमूट पडला होता, त्या गावचाच नसल्यासारखा. त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं. आठवत होती ती जुनी जीप. तिला बेल्ट नव्हते, दारंही असून नसल्यासारखी. सुट्टीच्या दिवशी शोभाला धरणावर घेऊन जायचे, तिच्या मांडीवर मृणाल. नाला आला, दगड आला की डावा हात आपोआप आडवा व्हायचा. त्या वेळी जीप चालायची ताशी दहाच्या वेगानं. हाताला कुणी सांगितलंच नाही की आता गाडी बदलली, पोर मोठी झाली, बेल्ट आले.

"तेव्हापासून वाटतं," शोभाताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी शेजारी असले की तुमचा हात उठणार. मी नसले की दोन्ही हात जागेवर. म्हणून म्हटलं, ह्यांना एकट्यानं चालवू दे. मी बसनं जाते. दोघंही पोचतो तरी."

"मग सांगितलं का नाहीस? मी इथं वेड लागल्यासारखा… स्प्रिंगा काय, बार काय, गहू काय!"

"काय सांगू? मला धरू नका म्हणून? अडतीस वर्षांनी?"

 मधुकररावांनी डावा हात उचलून स्टेअरिंगवर ठेवला.

"म्हणजे गाडी डुललीच नाही. माझ्या हातानंच…"

"काकाजी," खड्ड्यातून आवाज आला, "गाड़ी भी झूलती थी. इतना मेरे सामने मत बोलो."

शोभाताईंनी पदर तोंडाला लावला. "हा सगळं ऐकतोय का हो?"

"काकी, मैं मराठी आधी समझता हूँ. आधी काफी थी. अब हिलो मत, पीछे के दो बचे हैं."

दोघं पुन्हा भिंतीकडे बघू लागले. या वेळी हसू दाबत, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. शेवटचा बोल्ट कसला गेला. शैलेंद्र खड्ड्यातून वर आला, गाडीच्या पुढच्या टोकावर दोन्ही हात ठेवून त्यानं सगळा भार दिला. गाडी बसली, उठली, थांबली.

"अब ले जाओ. कहीं भी."

सुलभावहिनी भाजी घेऊन अजून यायच्या होत्या. शोभाताईंनी त्यांना फोन केला. "तू जा गं घरी. मी ह्यांच्याबरोबर येते." मग फोन पर्समध्ये टाकून त्या मधुकररावांना म्हणाल्या, "चला त्या वळणाला."

"आत्ता?"

"आत्ता. घरी गेले तर मी पुन्हा विचार करीन."

देवास रोडला लागेपर्यंत चार गतिरोधक आले. प्रत्येकावर मधुकररावांनी श्वास रोखला, आणि प्रत्येकावर गाडी नुसती खाली बसून उठली, पाटावरून उठल्यासारखी. कमरेवर गेलेला हात शोभाताईंनी तिसऱ्यानंतर खाली घेतला. शहर मागे पडलं. सोयाबीन कापून झालं होतं. शेतं मोकळी, काळी. मंडीकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग समोरून येत होती.

वळण दिसू लागलं. मधुकररावांनी वेग कमी केला. दोन्ही हात स्टेअरिंगवर. डाव्या तळव्याला घाम आला होता. वळणात शिरतात तोच पुढे सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली निम्मी रस्त्यावर उभी. चाक पंक्चर होऊन बसलं होतं. शेतकरी शेजारी उकिडवा बसून चाकाकडे बघत होता. मधुकररावांनी गाडी उजवीकडे घेतली. त्याच क्षणी डावा तळवा स्टेअरिंगवरून सुटला. बोटं तेवढी राहिली. हात निघायला तयार, जुन्या वाटेनं. मधुकररावांनी दात दाबले आणि तळवा पुन्हा खाली ठेवला. गाडी उजवीकडे गेली, परत डावीकडे आली, किंचित कलली आणि सरळ झाली. इकडे नाही, तिकडे नाही. ट्रॉली मागे पडली. वळण मागे पडलं.



"कशी वाटली?" मधुकररावांनी विचारलं.

"कळलं नाही."

"म्हणजे?"

"मी डोळे मिटले होते."

मधुकररावांनी एका चहाच्या टपरीशी गाडी थांबवली आणि बायकोकडे नुसतं बघितलं.

"असे काय बघता? भीती वाटली. मिटले." शोभाताईंनी पदर नीट केला. "परत घ्या. या वेळी उघडे ठेवते."

त्यांनी गाडी वळवली. आता तोंड उज्जैनकडे होतं, श्रावणातल्या त्या दिवशी होतं तसं. बाभळी आल्या. शोभाताई सीटवर जराशा तिरक्या होऊन बसल्या होत्या. त्या रस्त्याकडे बघतच नव्हत्या.

"समोर बघ की गं."

"समोर तुम्ही बघा. मी हात बघते."

मधुकररावांच्या हातांकडे आजवर कुणी इतकं निरखून बघितलं नव्हतं, लग्नात मेंदी बघायला आलेल्या बायकांनीसुद्धा नाही. समोरून एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीमुळे त्यांच्या बाजूला सरकला. मधुकररावांनी गाडी कडेला घेतली, परत आत आणली. दोन्ही हात जागेवर. शेतकऱ्यानं मान वर करून गाडी जाताना बघितली.

वळण सरलं तेव्हा शोभाताई सरळ होऊन बसल्या आणि त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"झालं समाधान? चला घरी," मधुकरराव म्हणाले.

"घरी काय? फिरवा परत. इतकं निम्म्यावर आलोय तर मृणालला भेटून येऊ. नुसतं चहा पिऊन."

"हातात काही नाही, खाऊ नाही, आज रविवारसुद्धा नाही."

"आपण दोघं एकाच गाडीतून उतरलो की बास होईल तिला."

गाडी पुन्हा वळली. तिसऱ्यांदा तेच वळण. ट्रॉलीपाशी शेतकरी आता उठून रस्त्याच्या कडेला उभा होता. त्यानं हात केला. मधुकररावांनी गाडी हळू केली.

"कुछ गिर गया क्या, बाबूजी? तीसरी बार देख रहा हूँ."

"नहीं, भाई. देवास जा रहे हैं."

"तो जाओ ना!"

मधुकरराव त्याला पुढचं काही समजावून सांगणार होते, पण शोभाताईंनी काचेतून बोट दाखवलं.

"बोलू नका. वळण आलं."